रांगेतला खेळाडू

दहा वर्षांचा एक मुलगा पोटदुखीची तक्रार घेऊन दीड महिन्यात तीन वेळा माझ्या दवाखान्यात आला. वजन योग्य, ताप नाही, उलट्या नाहीत, शौचावाटे रक्त नाही, दुखण्याने रात्री झोपमोडही नाही. रक्ताच्या व लघवीच्या तपासण्या निर्दोष होत्या. पहिल्या दोन भेटींत जंतांचे औषध आणि आहाराचा सल्ला देऊन मी मोकळा झालो. तिसऱ्या भेटीत एक गोष्ट ध्यानात आली : दुखणे नेमके रविवारी सकाळी उद्भवत होते.

"रविवारी सकाळी काय असतं रे?" मी विचारले.

"फुटबॉल."

"आवडत नाही का?"

"आवडतो. पण तिथं खेळायला मिळत नाही. रांगेत उभं राहायचं असतं."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

पुढच्या रविवारी मी त्या मैदानावर जाऊन उभा राहिलो. अठरा मुले एका रांगेत होती. शंकूंच्या मधून चेंडू नेऊन परत यायला प्रत्येकास साधारण २० सेकंद लागत. म्हणजे एका मुलाची पाळी सहा मिनिटांनी येणार. तासाभरात दहा वेळा. पालक ज्याला तासाभराचा व्यायाम समजत होते, त्यात प्रत्यक्ष हालचाल जेमतेम साडेतीन मिनिटांची होती! ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. या हिशेबात रांगेतला वेळ धरता येत नाही.

या पद्धतीतील उणीव क्रीडाशिक्षकांच्या लक्षात फार पूर्वीच आली होती. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठातील डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये वेगळा क्रम मांडला. सुटी सुटी तंत्रे घोटून घेतलेली मुले सामन्यात गोंधळतात, कारण पास कसा द्यावा हे त्यांना ठाऊक असते. तो केव्हा आणि कोणाला द्यावा, हे मात्र कळत नाही. म्हणून आधी वयाला साजेसा छोटा खेळ, त्यातून निर्णयाची जाण, आणि गरज भासेल तिथे तंत्राचा सराव, असा हा क्रम होय. शंकू जागचा हलत नाही, चेंडू हिसकावून घ्यायलाही येत नाही. समोरचा मुलगा मात्र हे दोन्ही करतो. डोळ्यांनी टिपणे, मेंदूने ठरवणे आणि पायांनी ते अमलात आणणे ही साखळी त्याच्यासमोरच घडते.

जर्मन प्रशिक्षक होर्स्ट वाइन यांचा 'फुनिनो' हा खेळ याचे उत्तम उदाहरण आहे. छोटे मैदान, दोन्ही बाजूंस तीन-तीन मुले आणि एकूण चार लहान गोल. एका गोलापाशी गर्दी झाली, तर मान वर करून दुसरा मोकळा गोल शोधावाच लागतो. जर्मनीने २०२४-२५ च्या हंगामापासून लहान वयोगटांसाठी अशा छोट्या संघांचे सामने बंधनकारक केले आहेत.

यासाठी खर्चिक साहित्य लागत नाही. प्रत्येकाच्या पायाशी चेंडू देऊन शिवाशिवी खेळवली, तरी चेंडूवरचा ताबा आणि अंगाचा तोल दोन्ही सुधारतात. चार मुलांनी रिंगण करून आपसात पास द्यायचे आणि मधल्या पाचव्याने चेंडू अडवायचा, हा खेळ तर अंगणातही जमतो.

"अशाने तंत्र कच्चे राहील," ही प्रशिक्षकांची शंका अनाठायी नाही. तंत्राला पुनरावृत्ती लागतेच. परंतु सामन्यात पास चुकला म्हणून पाच मिनिटे त्याचाच सराव घेतला, तर मुलाला त्याचे प्रयोजन उमगते.

खेळ वाढला की शरीरावरचा भारही वाढतो, हे पालकांनी विसरू नये. साधारण ८ ते १४ या वयात टाचेच्या हाडाचा वाढीचा भाग नाजूक असतो; खेळताना वा खेळानंतर टाच दुखू लागल्यास धावणे कमी करावे, पोटरीचे ताण देणारे व्यायाम करावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. बहुधा खेळ कायमचा सोडण्याची गरज नसते. ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी तयार केलेला '११ प्लस किड्स' हा वीसेक मिनिटांचा पूर्वव्यायाम नियमित केल्यास दुखापती जवळपास निम्म्याने घटतात, असे युरोपातील अभ्यासात दिसून आले आहे. लहान मुलांना चेंडू डोक्याने मारू देऊ नये. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१५ मध्येच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते बंद केले.

वर्ग निवडताना शुल्क आणि गणवेश यांच्या आधी अर्धा तास मैदानाच्या कडेला उभे राहून पाहावे. आपल्या मुलाच्या पायाला चेंडू किती वेळा लागला? किती मुले नुसतीच उभी होती? प्रशिक्षक सारखे ओरडून उत्तर सांगतात, की थांबवून प्रश्न विचारतात? आणि आपणही कडेवरून "पास दे, पास दे!" असे ओरडू नये, तो निर्णय मुलाचाच राहू द्यावा.

त्या मुलाच्या प्रशिक्षकांशी मी बोललो. डॉक्टरांनी यात का पडावे, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर उमटला. तरी शेवटची वीस मिनिटे त्यांनी तीन लहान मैदाने आखून खेळाला दिली. आता तो वेळ अर्ध्या तासावर गेला आहे. मुलाची रविवारची पोटदुखी थांबली. परीक्षेच्या आठवड्यात ती अजून डोके वर काढते. पण आता मी औषध लिहिण्याआधी वार विचारतो.