पैऱ्याचा बैल

शर्यत कोण जिंकलं यापेक्षा शर्यतीतली माणसं एकमेकांशी कशी वागतात, याची ओढ मला फार वर्षांपासून आहे. तिची सुरुवात बैलांपासून नाही, खेळण्यातल्या मोटारींपासून झाली. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज कारागिराने जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ मांडलं. रबरी रस्त्यात एक खाच, खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या, पट्ट्यांतून वीज आणि गाडीचा ताबा खेळणाऱ्याच्या हातात. पुढच्याच वर्षी त्याने कंपनी विकून टाकली. साठच्या दशकात अमेरिकेत या ‘स्लॉट कार’चे व्यापारी ट्रॅक भराभर उभे राहिले आणि दशक सरताना बहुतेक बंदही पडले. मागे उरले ते नादिष्ट. तिथे आजही ‘रेट्रो’ शर्यती होतात. पितळी पट्ट्या आणि पोलादी तारा डाग देऊन जोडायच्या, गाडीचा सांगाडा घरी बनवायचा, त्यावर साठ-सत्तर सालच्या मोटारीचं कवच चढवायचं आणि पळवायचं.

या खेळातल्या एका रिवाजाने मला धरून ठेवलं. वळणावर गाडी खाचेतून उडाली, तर ती उचलून परत खाचेत बसवायची कोणी? चालवणारा आपली जागा सोडू शकत नाही. म्हणून जे या फेरीत चालवत नाहीत ते वळणावळणावर उभे राहतात आणि गाडी जागेवर आणतात. म्हणजे ज्याला हरवायचं, त्याचीच गाडी आपल्या हाताने झटकन रस्त्यावर ठेवायची. त्यात कुचराई करणाऱ्याची पुढच्या फेरीत गाडी उडाली, तर वळणावर उभा असलेला माणूस कोण असेल हे त्याला ठाऊक असतं. बरं, खाचा आठ असल्या तर प्रत्येकाला आठही खाचांवर आळीपाळीने पळावं लागतं, म्हणजे नशिबाचा वाटा सगळ्यांना सारखा.

प्रतिस्पर्ध्याच्या हाताशिवाय पूर्णच होत नाही अशी शर्यत आपल्याकडे कुठे आहे, हे शोधत गेलो तेव्हा पनवेलच्या भातखाचरांत येऊन थांबलो.

बैलगाडा शर्यत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे प्रकारांची ओळख थोडक्यात. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळात चढणीचा घाट असतो, गाडा सेकंदांवर मोजतात आणि पुढे घोडी पळते. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे सपाट रानात फाट्या, म्हणजे पळण्याच्या पट्ट्या, आखतात, गट, सेमी आणि फायनल होतात. विदर्भात शंकरपट. अलिबाग-मुरूडच्या बाजूला पुळणीवर गाड्या पळतात. आणि पनवेल, उरण, कल्याण, भिवंडी या पट्ट्यात बिनजोड. दोन छकडे (हलक्या बैलगाड्या), समोरासमोरचं आव्हान, एकच फेरा आणि जिंकणाऱ्याच्या अंगावर गुलाल. भात कापून झालं, खाचर सुकलं, बांध फोडून सपाटी केली की मैदान तयार. टेम्पोतून बैल उतरतात, गोठ्यातली पोरं त्यांच्या पाठी चोळत उभी राहतात, समालोचक माइकवरून बैलाचं नाव आधी आणि मालकाचं नंतर घेतो. मला हा क्रम फार योग्य वाटतो.

आता मुख्य मुद्दा. छकड्याला जुंपलेले दोन बैल पुष्कळदा दोन वेगळ्या मालकांचे असतात. एकाचा बैल डाव्या खांद्याचा, दुसऱ्याचा उजव्या. एक सुटताना उसळणारा, दुसरा शेवटपर्यंत दम न सोडणारा. असे दोन जुळले तरच छकडा सरळ जातो. बैल कितीही वेगवान असो, शेजारचा मागे पडला की जू तिरकं होतं आणि गाडी फाटीबाहेर जाते. म्हणून मालक दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मालकाकडे शब्द टाकतो आणि त्याचा बैल आपल्या बैलाशेजारी जुंपतो. याला पैरा म्हणतात. पुण्याच्या घाटांवर अशाच भागीदारीला जुगलबंदी म्हणतात. आज पैऱ्यात असलेले दोघे पुढच्या मैदानात एकमेकांविरुद्ध उभे असू शकतात. काल ज्याच्यावर गुलाल पडला आणि ज्याच्यामुळे आपण हरलो, त्याच्याच दारात पैरा मागायला जावं लागतं. शर्यतीत वैर कितीही झालं, तरी ते फार ताणून चालत नाही, कारण आपला एक बैल एकट्याने पळत नाही.

हा पैरा शर्यतीने शोधलेला नाही. एकच बैल बाळगण्याची ऐपत असलेल्या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या बैलाशी आपला बैल जोडून आलटून पालटून दोघांची शेतं नांगरायची, ही महाराष्ट्रभरची जुनी रीत. कुठे तिला सावड म्हणत, मराठवाड्यात वारंगुळा. ट्रॅक्टर आला आणि शेतातून ती गेली. माझं ठाम मत असं, की ही रीत आज जिथे खऱ्या अर्थाने जिवंत आहे ती जागा म्हणजे शर्यतीचं मैदान. सहकाराचे इतिहास लिहिणाऱ्यांनी पतपेढ्या आणि साखर कारखान्यांइतकंच लक्ष या छकड्यांकडे द्यायला हवं होतं.

पनवेलमध्ये हे टिकलं याचं मला विशेष वाटतं, कारण टिकण्याचं इथे काहीच कारण नव्हतं. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांच्या जमिनी नवी मुंबई या नव्या शहरासाठी ठरल्या. मोबदल्यासाठीच्या लढ्यात जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचं पात्र वळवलं गेलं, दहा गावं उठली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचं उद्घाटन झालं. नांगरायला जमीनच नाही, तरी बैल आहेत. पूर्वी शेतीसाठी बैल असायचे आणि सणावाराला ते पळायचे. आता फक्त पळण्यासाठी बैल आहेत. आटपाडी-खरसुंडीकडच्या बाजारांतून खिलार खोंड इथे येतात आणि इमारतींच्या मधल्या गोठ्यांत खुराकावर वाढतात. भूखंडाच्या पैशाची चैन म्हणून याकडे बघणारे पुष्कळ आहेत. मला ते बघणं उथळ वाटतं. आगरी-कोळी गावांतल्या ज्या माणसाचं रान गेलं, त्याने रानातली शेवटची जिवंत गोष्ट धरून ठेवली आहे.

पनवेलचं नाव राज्यभर नेलं ते विहीघरच्या पंढरीशेठ फडके यांनी. अंगावरच्या सोन्यामुळे ते वर्तमानपत्रांत गाजले, पण शौकिनांत त्यांची ओळख बैलांमुळे होती. मैदानात चमकलेला बैल दिसला की तो आपल्या गोठ्यात आणायचाच, अशी त्यांची ख्याती. बैलगाडा संघटनेचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये हृदयविकाराने ते गेले.

शर्यतबंदीविरुद्ध संघटनेला जे लढावं लागलं त्याची कागदपत्रं वाचण्यात माझा बराच काळ गेला आणि हा लेख तिकडेच कलणार आहे. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं. खेळ करून दाखवण्यासाठी ज्यांना शिकवता येणार नाही अशा प्राण्यांची ही यादी. गोठ्यातला बैल आणि सर्कशीतला सिंह एका ओळीत आले. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने तमिळनाडूतल्या जल्लीकट्टू या बैलांच्या खेळाबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. हा निकाल शौकिनांनी जरूर वाचावा. त्यात शेपट्या पिरगाळण्याची, चावण्याची, बैलाला घाबरवून पळवण्याची वर्णनं आहेत आणि मैदानं पाहिलेल्या कोणालाही ती खोटी म्हणता येणार नाहीत. पण त्याच निकालात आणखी एक विधान आहे: बैल हे ओढकामाचं जनावर आहे, घोड्यासारखी त्याच्या शरीराची घडण पळण्यासाठी नाही.

झगडा या विधानापाशी अडकला. क्रूरता थांबवता येते, पण बैल मुळात पळणारा प्राणीच नसेल तर शर्यतीला जागाच उरत नाही. मग राज्य सरकारने पशुवैद्यकांकडून बैलाच्या धावण्याच्या क्षमतेवर अहवाल तयार करवून घेतला आणि तो सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवला. बैल पळतो का, हा प्रश्न सरकारी कागदावर शास्त्राच्या भाषेत विचारला जावा, ही गोष्ट मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते. घोड्याला एक खूर, बैलाचा खूर दुभंगलेला, पण दोघेही बोटांच्या टोकांवर चालणारे प्राणी. बैलाचं पोट चार कप्प्यांचं, त्यातला पहिला कप्पा एकटाच शंभर लिटरच्या घरात सामावून घेणारा. इतका भार घेऊन लांब पल्ला पळणं त्याला जड जातं हे खरं. घोड्याइतका घाम त्याला येत नाही, त्यामुळे उन्हात तो लवकर तापतो हेही खरं. पण रानगवा आणि अमेरिकेतला बायसन हे त्याचेच भाऊबंद, आणि जीव वाचवायला ते किती वेगाने सुटतात हे पाहणाऱ्याला कळतं. थोडं अंतर, एकदम वेग, मग विसावा, हा त्याचा स्वभाव. माझ्या मते दोन्ही बाजूंनी अर्धी गोष्ट सांगितली. बैल पळतो, आणि त्याला किती अंतर व कोणत्या वेळी पळवायचं याला मर्यादा आहे.

२०१४ नंतरचा प्रवास भराभर सांगतो. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सवलत दिली, पाचच दिवसांत तिला स्थगिती मिळाली. जल्लीकट्टूसाठी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीनंतर एप्रिल २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने स्वतःची दुरुस्ती मंजूर केली. त्या कायद्याच्या व्याख्येत बैलगाडा शर्यत, छकडी आणि शंकरपट ही तिन्ही नावं आहेत. आमच्या पट्ट्यातलं बिनजोड त्यात नाही, छकडीच्या पोटात ते सामावून घ्यायचं. कायदा झाला तरी उच्च न्यायालयात अडकला, २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे आमदार गोपीचंद पडळकरांनी बंदी असताना शर्यत भरवली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले.

बंदीच्या या वर्षांत नाद टिकला कसा? शर्यत नसताना शर्यतीचा बैल सांभाळणं म्हणजे निव्वळ खर्च. पेंड, कणीक, दूध, अंडी, रोजची फिरवणी, आणि मैदान तर दूरच. तरीही बैल ठेवले गेले, न्यायालयाच्या तारखांना गावोगावचे मालक एकत्र गेले, मोर्चात एकत्र चालले. ज्यांनी आधी एकमेकांना आव्हानं दिली होती, ते आता एकाच याचिकेकडे डोळे लावून बसले. पैऱ्याची सवय असलेल्या माणसांनाच हे जमू शकतं असं मला वाटतं.

परवानगीबरोबर नियमही आले. पन्नास हजारांची अनामत, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, हजार मीटरपेक्षा जास्त अंतर नाही, चाबूक, काठी, विजेचा धक्का नाही, पशुवैद्यक हजर हवा. मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. हे नियम शौकिनांनी स्वतःहून, पोलीस समोर नसतानाही पाळायला हवेत. जो मालक शेपटी चावायला लावतो, त्याला कोणी पैरा देऊ नये. न्यायालयाच्या दंडापेक्षा ही शिक्षा मैदानात जास्त बोचेल.

आणखी एक काळजी मला बोलून दाखवायची आहे. २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीतल्या शर्यतीत बक्षिसाला जेसीबी होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अंबरनाथला शर्यतीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या. बक्षीस जितकं मोठं, तितकं हरणं जड, आणि हरणं जड झालं की दुसऱ्या दिवशी पैरा मागायला जाता येत नाही. स्लॉट कारच्या नादिष्टांना कोणी जेसीबी देत नाही, म्हणून ते अजून एकमेकांच्या गाड्या उचलतात. बक्षिसं लहान असावीत, मैदानं जास्त असावीत, आणि गुलाल सगळ्यांना परवडावा, असं माझं म्हणणं आहे.

शेवटी वाचकांना एक विनंती. बिनजोडचा इतिहास कुठल्याही ग्रंथालयात नाही, तो पनवेल-उरणच्या घरांत आहे. आजोबांच्या पेटीतली जुनी हँडबिलं, बैलांचे फोटो, कोणाचा बैल कोणाच्या बैलाबरोबर पळाला याच्या वह्या, पैऱ्याचे कागद, हे रद्दीत देऊ नका. त्यांचे स्वच्छ फोटो काढून ठेवा, तारीख आणि गाव लिहा आणि एक प्रत आपल्या गावच्या वाचनालयात द्या. ज्यांना हे सगळं तोंडपाठ आहे ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांचं बोलणं, पुढची मैदानं सुरू व्हायच्या आत, ध्वनिमुद्रित करून घ्या.