१९०७ची दोन पुस्तके

१९०७ साली एकमेकांपासून खूप दूरच्या दोन शहरांत दोन जाडजूड पुस्तके छापून झाली. मंगळूरच्या बोळार भागात सायमन आल्वारिस यांनी फादर थॉमस स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ काढले. संपादक होते जोसेफ एल. सालढाणा. कलकत्त्याच्या सरकारी छापखान्यातून ग्रियर्सनच्या ‘भारतीय भाषा सर्वेक्षणा’च्या नवव्या खंडाचा तिसरा भाग बाहेर पडला, त्याचा विषय भिल्ली बोली आणि खानदेशी. पहिले पुस्तक एका इंग्रजाने मराठीत लिहिलेले महाकाव्य, दुसरे एका आयरिश अधिकाऱ्याने आखलेल्या पाहणीचा भाग. ‘ख्रिस्तपुराणा’चा संबंध गोव्याशी आणि कानडा किनाऱ्याशी, तर भिल्ली खंडाचा थेट सातपुड्याशी, म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगी, धडगाव, अक्कलकुवा या मुलखाशी.

दोन्ही पुस्तके आज मिळतात, दोन्हींची पुनर्मुद्रणे झाली. पण पहिले पुस्तक ज्यांच्या भाषेतले होते त्यांच्या हाती पोचले. दुसऱ्याचा तेवढा प्रवास व्हायचा आहे. हा फरक कशामुळे पडला, ते पाहायचे तर ‘ख्रिस्तपुराणा’ची चारशे वर्षे तपशिलाने पाहावी लागतात.

थॉमस स्टीफन्स हा विल्टशर परगण्यातला. इंग्लंडात कॅथलिकांना जगणे अवघड झाले, तेव्हा तो रोमला गेला, १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाला आणि ४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून निघून त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरला. प्रवासाची हकिकत सांगणारे त्याचे वडिलांना लिहिलेले पत्र पुढे हॅक्लुटच्या प्रवाससंग्रहात छापले गेले, म्हणून इंग्रजी वाचकाला तो आधी पत्रलेखक म्हणून ठाऊक झाला. गोव्यातल्या साष्टीत त्याने जवळजवळ चाळीस वर्षे काढली आणि १६१९ साली गोव्यातच देह ठेवला.

त्याच्या काळातल्या गोव्याकडे डोळेझाक करून या ग्रंथाचे कौतुक करता येत नाही. देवळे पाडली जात होती, १५६०पासून धर्मसमीक्षण सभा, म्हणजे इन्क्विझिशन, कारभार करत होती आणि देशी भाषांतली पोथीपुस्तके जप्त होऊन जळत होती. नव्याने बाटलेल्या माणसांच्या हातून जुनी पुराणे गेली होती आणि तिथे दुसरे काही आले नव्हते. ही रिकामी जागा स्टीफन्सने ओळखली. ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण त्याच्यापाशी हीच तक्रार मांडतो. स्टीफन्सने बायबलातली कथा ओवीत बांधली. जवळजवळ अकरा हजार ओव्या, दोन पुराणे, पहिल्यात छत्तीस आणि दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वर, म्हणजे अध्याय. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या वळणाची ओवी एका परक्या माणसाने इतकी आत्मसात करावी, हे मला आजही थक्क करणारे वाटते. मराठीच्या स्तुतीच्या त्याच्या ओव्या अनेकांना पाठ असतात. संपूर्ण ग्रंथ वाचलेला माणूस मात्र क्वचित भेटतो.

ग्रंथ १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापला गेला, रोमन लिपीत. स्टीफन्सची इच्छा वेगळी होती. १६०८च्या पत्रात त्याने रोममधल्या वरिष्ठांकडे देशी लिपीत छपाई करण्याची परवानगी मागितली होती. अक्षरांचे साचे सहाशेच्या घरात जातात ही अडचण त्याला माहीत होती आणि ती संख्या कमी कशी करता येईल तेही त्याने सुचवले होते. ते खिळे कधी पडले नाहीत. गोव्यात छापखाना १५५६ सालीच आला होता. म्हणजे स्टीफन्सच्या मागणीच्या वेळी पन्नास वर्षांचा अनुभव गाठीशी असूनही मराठी पुस्तक मराठी अक्षरांत निघू शकले नाही. या एका गोष्टीचे परिणाम पुढची साडेतीनशे वर्षे प्रत्येक संपादकाला भोगावे लागले.

दुसरी आवृत्ती १६४९ची, तिसरी १६५४ची. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर कुठेही सापडलेली नाही. गोव्यातली छपाई सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थंडावली आणि १८२१पर्यंत पुन्हा सुरू झाली नाही. मधल्या काळात, १६८४ साली, व्हाइसरॉय काउंट आल्व्होरने लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला. छापखाना नाही आणि भाषेवर बंदी, अशा अवस्थेत एखादा ग्रंथ टिकणे कठीणच.

तो टिकला तो स्थलांतरितांमुळे. गोव्यातून कानड्यात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हाताने लिहिलेल्या प्रती बरोबर नेल्या. उपवासाच्या काळात, घराघरांत हे पुराण गायले जाई आणि गायचे म्हणून त्याची नक्कल होत राही. नक्कल करणाऱ्यांची घरची बोली कोकणी, ग्रंथाची भाषा मराठी, लिपी रोमन. तेव्हा प्रत्येक हातातून मजकूर थोडा थोडा हलला. तरी मला या नकलाकारांचे मोल फार वाटते. ग्रंथालये, विद्यापीठे, संशोधनसंस्था यांतले काहीच पाठीशी नसताना त्यांनी अकरा हजार ओव्या दोन-अडीच शतके जिवंत ठेवल्या.

त्या घरांतल्या हस्तलिखितांवरूनच सालढाणांनी १९०७ची आवृत्ती उभी केली. मजकूर रोमन लिपीतच ठेवला आणि त्याला स्टीफन्सचे चरित्र, प्रस्तावना, इंग्रजी सारांश व शब्दकोश जोडले. आज आपण ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून जे वाचतो, त्याचा मोठा भाग या एका संपादकाच्या चिकाटीवर उभा आहे.

पुढे लंडनमध्ये वेगळाच धागा सापडला. सुमात्राचा इतिहास लिहिणाऱ्या विल्यम मार्सडेनने जमवलेली पौर्वात्य हस्तलिखिते किंग्ज कॉलेजमार्फत स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजकडे आली होती. त्यांत ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी प्रत असल्याचे जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२०च्या दशकात जाहीर केले. मराठी संतकवींची इंग्रजी भाषांतरे करणारे ते हेच अ‍ॅबट. स्टीफन्सने मूळ ग्रंथ देवनागरीत लिहिला होता का, हा वाद त्या प्रतीने पेटवला. तो अजून मिटलेला नाही. त्या प्रतीची भाषा अधिक संस्कृतप्रचुर आहे, एवढे मात्र दोन्ही पाठ शेजारी ठेवले की लगेच जाणवते.

सामान्य मराठी वाचकाला ग्रंथ खऱ्या अर्थाने मिळाला तो १९५६ साली. पुण्याच्या प्रसाद प्रकाशनाने शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती काढली. हे लिप्यंतर म्हणजे नुसती अक्षरे बदलणे नव्हते. पोर्तुगीज वळणाच्या रोमन लिपीत ट, ड, ण, ळ दाखवायला व्यंजन दोनदा लिहीत, ‘श’साठी ‘एक्स’ वापरत, अनुस्वाराला कधी ‘एम’ तर कधी स्वरावरचे चिन्ह. महाप्राणाचा ‘एच’ कधी असे, कधी गळे. एकाच रोमन शब्दाचे दोन-तीन मराठी शब्द संभवतात. अशा वेळी ओवीच संपादकाला हात देते, कारण पहिल्या तीन चरणांचे यमक जुळायला हवे आणि त्यातून शब्दाचा शेवट ठरवता येतो. चरणाच्या मधल्या शब्दांना असा आधार नसतो. तिथे सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मराठीची जाणच कामी येते. पुढे कारिदाद द्रागो यांची आवृत्ती १९९६ साली पॉप्युलरकडून आली आणि फादर नेल्सन फाल्काव यांनी २००९ साली मूळ ओव्यांसोबत आजच्या मराठीतला गद्य अर्थ दिला.

स्टीफन्सच्या इतर दोन पुस्तकांची पुनर्मुद्रणे वेगळ्या रीतीने झाली. त्याचे कोकणी व्याकरण १६४० साली रायतूरला निघाले होते. ते १८५७ साली कुन्य रिव्हारा यांनी नव्या गोव्यात पुन्हा छापले. रिव्हारा पोर्तुगालमधल्या एव्होराच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते आणि गोव्यात सरकारचे सचिव म्हणून आले. ज्या सत्तेने ही भाषा दडपली, तिचाच अधिकारी त्या भाषेचे व्याकरण धूळ झटकून छापतो, हे मला फार मोलाचे वाटते. १६२२च्या ‘दौत्रिन क्रिश्तां’ची मरियानु सालढाणा यांनी १९४५ साली लिस्बनमध्ये छायाप्रत-आवृत्ती काढली. छायाप्रतीत झिजलेला खिळा, उलटे बसलेले अक्षर, जुळाऱ्याची चूक, सारे दिसते. अभ्यासकाला तीच हवी. गायचे, वाचायचे तर मात्र नव्याने जुळवलेला, सोडवलेला पाठ लागतो. दोन्ही कामे होणे गरजेचे असते, आणि आपल्याकडे बहुधा पहिल्यावरच काम थांबते.

कागदाचेही बोलले पाहिजे. सतराव्या शतकातला युरोपी कागद चिंध्यांच्या लगद्याचा. वाळवी, कसर आणि ओल यांतून वाचला तर शतकानुशतके टिकतो. हस्तलिखितांत धोका शाईचा असतो, कारण लोहाची शाई अक्षराच्या जागीच कागद खाते. १९०७च्या सुमाराचा छापील कागद मात्र लाकडाच्या लगद्याचा आणि तुरटीच्या खळीचा. त्यातले आम्लच तो तपकिरी आणि ठिसूळ करते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक चारशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाच्या आधी मोडू शकते. जुने तेवढे जपायचे आणि अलीकडचे कपाटात राहू द्यायचे, ही आपल्या ग्रंथालयांची सवय म्हणूनच घातक आहे.

आता दुसरे पुस्तक. जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन डब्लिनजवळचा. १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेत या सर्वेक्षणाची कल्पना मांडली गेली, १८९४ साली काम सुरू झाले आणि शेवटचा खंड १९२८ साली निघाला. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यात नोंदल्या आहेत. मराठीचा सातवा खंड तयार करण्यात स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताचा मोठा वाटा होता. पद्धत अशी की जिल्ह्याजिल्ह्यातून प्रत्येक बोलीत तीन गोष्टी मागवायच्या: ठरावीक शब्द आणि वाक्यांची यादी, स्थानिक मजकुराचा एखादा नमुना आणि बायबलातला उधळ्या मुलाचा दृष्टांत. भारतीय लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून दृष्टांतात किरकोळ बदल केलेले होते.

भिल्ली खंडाच्या अनुक्रमणिकेत देहवाली, पावरी, मावची, कोटली ही नावे येतात. धाकटा मुलगा वाटा मागतो, दूर देशी उधळतो, डुकरे राखतो आणि घरी परततो, ही येशूने सांगितलेली कथा सातपुड्याच्या बोलींतून तिथे वाचायला मिळते. स्टीफन्सने साष्टीतल्या माणसांसाठी बायबल ओवीत आणले; त्यानंतर तीन शतकांनी एका सरकारी पाहणीने त्याच ग्रंथातली एक कथा पावरीत आणि देहवालीत आणली. हेतू अगदी वेगळे, तरी दोन्हीकडे युरोपातून आलेला मजकूर इथल्या माणसाच्या तोंडून वळण घेऊन छापला गेला. फरक इतकाच की साष्टीत कवीचे नाव ग्रंथावर आहे. सर्वेक्षणात मात्र कथा सांगणाऱ्याचे नाव बहुतेक ठिकाणी नाहीच.

या मुलखाविषयीची इतर युरोपी पुस्तके थोडक्यात सांगतो. १८८० साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशचा. मोलगीच्या परिसरातल्या काठी आणि इतर मेवासी संस्थानांची माहिती त्यात आहे. सिमकॉक्सने १९१२ साली खानदेश भिल्ल पलटणीची हकिकत लिहिली. ही पुस्तके राज्यकर्त्याच्या नजरेची आहेत आणि त्यांत भिल्लांविषयी जे शेरे आहेत, ते वाचून राग येतो. महाराष्ट्राच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड जसेच्या तसे पुन्हा छापून नंतर संगणकावर आणले, हे चांगलेच झाले. पण असा मजकूर टिपणांशिवाय पुन्हा छापला की दीडशे वर्षांपूर्वीचा पूर्वग्रहही नवा होऊन बाहेर पडतो.

भिल्ली खंडाचेही दिल्लीत पुनर्मुद्रण झाले, त्याचे स्कॅन जगभर उपलब्ध आहेत. कागद वाचला, मजकूर वाचला. पण खंडाची चौकट सारी इंग्रजी, बोलींचे उच्चार चिन्हांकित रोमन अक्षरांत आणि स्पष्टीकरणे पंडितांसाठी. मोलगीच्या आश्रमशाळेतल्या मुलीला आपल्या आजीच्या बोलीची शंभर वर्षांपूर्वीची नोंद वाचायची असेल, तर हे पुस्तक हाती असूनही तिच्यासाठी बंदच. १९०७च्या मंगळुरी आवृत्तीचेही मराठी वाचकापुरते हेच होते. ते कुलूप बंडेलूंनी काढले. भिल्ली खंडाला अजून बंडेलूंसारखा संपादक हवा आहे.

मध्यंतरी कामाला उपयोगी अशा गोष्टी घडल्या आहेत. गणेश देवी यांच्या पुढाकाराने भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण झाले आणि अरुण जाखडे यांनी संपादित केलेला त्याचा महाराष्ट्र खंड २०१३ साली पद्मगंधाने मराठीत काढला. महाराष्ट्रातल्या बोलींची आजची नोंद त्यात आहे. म्हणजे तुलनेची दुसरी बाजू मराठीत तयार आहे. ग्रियर्सनच्या खंडातून नंदुरबार-धुळ्याच्या बोलींचे नमुने वेगळे काढले तर ते एका छोट्या पुस्तकात मावतील. आखणी फाल्कावांच्या पुस्तकासारखी ठेवता येईल: जुना नमुना देवनागरीत, जोडीला मराठी अर्थ, आणि मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिसरा रकाना, तीच कथा आज त्याच बोलीत कोणी सांगितली तर कशी सांगेल. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि आवाजाचे ध्वनिमुद्रण यांच्यासह. जिथे जुन्या लिप्यंतरात उच्चार चुकला असेल, तिथे बोलणाऱ्याचे मत टिपेत यावे आणि अंतिम मानले जावे.

परवानगीचा प्रश्न नाही. भारतीय कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनावरचा हक्क साठ वर्षांनी संपतो आणि हा खंड १९०७चा आहे. खर्चही मोठा नाही. देहवाली किंवा पावरी घरी बोलणारा आणि देवनागरीत सफाईने लिहिणारा एक शिक्षक, बोलीशास्त्र जाणणारा एक संपादक आणि गोष्ट सांगायला बसणारी वडीलधारी माणसे, एवढ्यावर काम सुरू होते. यातला संपादक बाहेरून बोलवावा लागेल. बाकीचे सगळे मोलगीत आणि धडगावात आहेत.