मॉन्टगोमेरीचे ३८१ दिवस

अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी येथे १ डिसेंबर १९५५ रोजी सायंकाळी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या महिलेने बसमधील आपली जागा गौरवर्णीय प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला व त्यांना अटक झाली. दिवसभराच्या कामाने थकलेल्या एका स्त्रीचा तो क्षणिक उद्रेक होता, असे पुष्कळदा सांगण्यात येते. वस्तुस्थिती निराळी आहे. श्रीमती पार्क्स यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या स्थानिक शाखेचे चिटणीसपद अनेक वर्षे सांभाळले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कॉल्व्हिन या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीलाही अशाच कारणावरून अटक झाली होती.

बसमधील पुढच्या दहा जागा गौरवर्णीयांसाठी राखीव असत. त्या रिकाम्या असल्या तरी कृष्णवर्णीयांनी उभेच राहावयाचे. पुढच्या दाराशी भाडे देऊन, खाली उतरून, मागच्या दाराने आत शिरावे लागे. तेवढ्या अवधीत कधी कधी बस निघूनही जाई. विशेष हे की, बसच्या प्रवाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीयच होते.

अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने महाविद्यालयातील चक्रमुद्रण यंत्रावर हजारो पत्रके काढली. सोमवारी, ५ डिसेंबरला, बसमध्ये चढू नये, एवढेच त्यांत आवाहन होते. त्या दिवशी बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. सायंकाळी नवी संघटना स्थापन होऊन सव्वीस वर्षांचे धर्मोपदेशक मार्टिन ल्यूथर किंग तिचे अध्यक्ष झाले. प्रारंभीच्या मागण्या आज वाचताना आश्चर्य वाटावे इतक्या सौम्य होत्या. वर्णभेद समूळ रद्द करा, असेही त्यांत नव्हते!

खरी कसोटी यापुढेच होती. रोज हजारो माणसांना कामावर न्यावयाचे कसे? टॅक्सीचालकांनी बसइतकेच, दहा सेंट, भाडे घेतले, तेव्हा किमान दराचा नियम पुढे करून ते बंद पाडण्यात आले. मग सुमारे तीनशे खाजगी मोटारी गोळा झाल्या आणि त्यांचे थांबे ठरले. मोटारींचे विमे रद्द होताच लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळविण्यात आला. जॉर्जिया गिल्मोर यांच्यासारख्या स्त्रियांनी घरी खाद्यपदार्थ करून विकले व पेट्रोलसाठी पैसे उभे केले. उरलेले लोक पायी चालले.

या चालण्यात शहरातील गौरवर्णीय ग्रंथपाल ज्युलिएट मॉर्गन यांना गांधीजींची दांडीयात्रा दिसली. तसे पत्र त्यांनी पहिल्याच पंधरवड्यात स्थानिक वृत्तपत्रात लिहिले. (पुढे १९५९ साली डॉ. किंग भारतात आले, तेव्हा मुंबईत त्यांनी मणिभवनात मुक्काम केला.)

३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बाँब पडला. दोनच दिवसांनी केंद्रीय न्यायालयात दावा दाखल झाला. कॉल्व्हिन ही त्यातील एक वादी होती. १३ नोव्हेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निर्णय कायम केला. योगायोग असा की, त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने मोटारींच्या व्यवस्थेवर मनाई हुकूम काढला. लेखी आदेश पोहोचेपर्यंत आणखी पाच आठवडे गेले. २१ डिसेंबर रोजी कृष्णवर्णीय प्रवासी पुढच्या जागांवर बसले.

त्यानंतर बसगाड्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, जानेवारी १९५७ मध्ये चार चर्चवर बाँब टाकण्यात आले. श्रीमती पार्क्स यांची नोकरी तर बहिष्कार चालू असतानाच गेली होती. १९५७ साली त्यांनी मॉन्टगोमेरी सोडले.