प्रेरणादायी कथासंकलनांसाठी स्वानुभवलेखन : स्वरूप, हक्क आणि जबाबदारी

प्रस्तावना

आपल्या आयुष्यातील एखादा प्रसंग लिहावा आणि तो इतरांच्या अनुभवांसोबत ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हावा, ही इच्छा विद्यार्थ्यांत आणि प्राध्यापकांतही आढळते. लेखन कोठे व कसे पाठवावे, याविषयी विद्यार्थी प्राध्यापकांचाच सल्ला घेतात. हा सल्ला बहुधा भाषा व शुद्धलेखन यांपुरता मर्यादित राहतो. वस्तुतः स्वानुभव संकलनाकडे सोपविणे हा साहित्यव्यवहार असतो, तसाच तो हक्कांचा आणि विश्वासाचाही व्यवहार असतो. या तिन्ही बाजूंचे विवेचन करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकलनांचे स्वरूप

या प्रकारातील सर्वपरिचित उदाहरण म्हणजे ‘चिकन सूप फॉर द सोल’ ही अमेरिकन ग्रंथमाला होय. जॅक कॅनफिल्ड व मार्क व्हिक्टर हॅन्सन यांनी संपादित केलेला तिचा पहिला ग्रंथ १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी अनेक प्रकाशकांनी तो नाकारला होता. पुढे या मालेत शेकडो ग्रंथ निघाले. पुण्याच्या मेहता पब्लिशिंग हाऊसने मराठी अनुवाद प्रसिद्ध केल्याने मराठी वाचकांनाही ती परिचित झाली.

या मालेचे वैशिष्ट्य असे की, तिचे बहुसंख्य लेखक व्यावसायिक साहित्यिक नसतात. विषय आधी जाहीर होतो आणि त्यानुसार सामान्य वाचकांकडून लेखन मागविले जाते. कथा सत्य असावी, प्रथमपुरुषी निवेदनात असावी आणि १२०० शब्दांपेक्षा मोठी नसावी, असे तिचे प्रमुख निकष आहेत. प्रसंग सांगणाऱ्या कविताही स्वीकारल्या जातात. निवड झालेल्या लेखकास मानधन व ग्रंथाच्या प्रती मिळतात.

लेखनाचे निकष

अशा संकलनात कथेचा विस्तार दोन-तीन पृष्ठांचा असतो. संपूर्ण जीवनवृत्त त्यात मावत नाही. म्हणून एकच प्रसंग निवडणे, तो घडला त्या क्षणापासून आरंभ करणे आणि निवेदकात झालेला बदल कृतीतून दाखविणे आवश्यक ठरते. ‘माझ्या वडिलांनी खूप कष्ट केले’ या विधानापेक्षा, परीक्षा शुल्काच्या अखेरच्या दिवशी वडिलांनी सायकल विकून आणलेल्या नोटांचे वर्णन वाचकाला अधिक जवळचे वाटते. शेवटी तात्पर्य सांगण्याचा मोह टाळावा. प्रसंग नेमका मांडला असेल, तर वाचक तात्पर्य स्वतःच काढतो. शिवाय, सत्यकथा म्हणून पाठविलेल्या लेखनात घटना कल्पनेने रचणे ही वाचकाची व संपादकाची फसवणूक ठरते.

हक्कांचा प्रश्न

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार सामान्यतः लेखक हाच आपल्या कृतीच्या हक्कांचा प्रथम स्वामी असतो. संकलनात समावेश झाला म्हणून हा हक्क आपोआप प्रकाशकाकडे जात नाही. कलम १९ अन्वये हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात कृती, हक्क, कालावधी, प्रदेश व मोबदला यांचा उल्लेख अपेक्षित आहे. कालावधी नमूद नसल्यास तो ५ वर्षे आणि प्रदेश नमूद नसल्यास तो भारतापुरता मानला जातो. कलम ५७ नुसार, हक्क दिल्यानंतरही कृतीवर आपले नाव असण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक ठरणाऱ्या विपर्यासास हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

म्हणून संमतिपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : दिलेला हक्क एका ग्रंथापुरता आहे की कायमचा; अनुवाद व दृक्श्राव्य रूपांतराचे हक्क त्यात समाविष्ट आहेत काय; आणि तीच कथा पुढे स्वतःच्या संग्रहात घेता येईल काय. आजची छोटी कथा उद्याच्या आत्मकथनाचे एक प्रकरण असू शकते, हे नवोदित लेखकाच्या सहसा ध्यानात येत नाही.

शुल्क आणि गुणांकन

लेखकास मानधन देणारी संकलने असतात, तशीच लेखकाकडून सहभाग शुल्क घेणारी किंवा ठरावीक प्रती खरेदी करण्याची अट घालणारीही असतात. आलेले सर्व लेखन जेथे स्वीकारले जाते, तेथे लेखक हाच ग्राहक असतो. आयएसबीएन ही केवळ ग्रंथाची ओळख पटविणारी संख्या आहे. ती गुणवत्तेची खूण नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संपादित ग्रंथातील प्रकरणास ५ गुण दर्शविले होते. तथापि स्वानुभवकथेस अभ्यासपूर्ण प्रकरण म्हणून सादर करणे शैक्षणिक प्रामाणिकपणास धरून होणार नाही.

इतरांचे आयुष्य

स्वानुभव क्वचितच एकट्याचा असतो. आईचे आजारपण, भावाचे व्यसन, मैत्रिणीचा मोडलेला संसार हे निवेदकाच्या कथेत येतात, परंतु त्यांवर त्या व्यक्तींचाही अधिकार असतो. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांविषयी लिहिताना हा प्रश्न अधिक तीव्र होतो. केवळ नाव बदलणे पुरेसे नसते. लहान गावात महाविद्यालय, वर्ष आणि वडिलांचा व्यवसाय एवढ्यावरूनही ओळख पटते. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा तर, कायद्यातील अपवाद वगळता, भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. अन्य प्रसंगांतही संबंधित व्यक्तीस मजकूर वाचावयास देऊन तिची संमती घेणे इष्ट होय. विद्यार्थी ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याची संमती ही खरी संमती नव्हे.

समारोप

स्वानुभवलेखनाने लेखकाचे मन मोकळे होते आणि समदुःखी वाचकास आधार मिळतो, ही या संकलनांची मोलाची बाजू आहे. तथापि एकदा छापलेली कथा परत घेता येत नाही. विद्यार्थ्याच्या लेखनातील ऱ्हस्वदीर्घ सुधारताना, ‘तू कोणता हक्क देत आहेस आणि या कथेत आणखी कोणाचे आयुष्य आहे?’ हे दोन प्रश्न प्राध्यापकांनी विचारले, तर त्यांचे मार्गदर्शन भाषेपलीकडे जाऊन खऱ्या अर्थाने उपयुक्त ठरेल.