दात येतायत? आधी लघवी तपासा

बाळाला १०२ ताप चढला की घरात कुणीतरी म्हणतंच, "अगं, दात येतायत. होतं असं." एरवी आजीच्या अनुभवाला मान द्यावा, पण लघवीचा रिफ्लक्स असल्याचं निदान झालेल्या बाळाच्या घरात हे ऐकलं की डोकं उठतं. दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, बाळ किरकिरतं, हे सगळं खरं. १०२ ताप मात्र दातांनी येत नाही. 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकाने २०१६ मध्ये छापलेल्या आढाव्याचा निष्कर्ष हाच होता: अंग किंचित गरम लागेल, ताप म्हणण्याइतकं नाही.

मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. मूत्राशय भरलं की भिंतीतला तो भाग दाबला जातो आणि परतीची वाट बंद होते. काही बाळांमध्ये हा भाग जन्मतःच आखूड असतो, त्यामुळे लघवी उलटी वर चढते. हाच रिफ्लक्स. तिच्यात जंतू असले तर तेही किडनीपर्यंत पोचतात. उपचाराला उशीर झाला तर किडनीवर कायमचा व्रण राहू शकतो. 'लघवीला जळजळतंय' असं तान्ह्या बाळाला सांगता येत नाही. ताप हीच त्याची तक्रार. सर्दी नाही, खोकला नाही, नुसताच ताप असेल तर त्याच दिवशी लघवी तपासा. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर १००.४ ला थेट हॉस्पिटल गाठा.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायचा. चिकटवायच्या पिशवीत कातडीवरचे जंतू मिसळतात. तिच्यातल्या लघवीच्या कल्चरवरून संसर्गाचं निदान करू नये, असं अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०११ मध्येच सांगितलंय. धार निर्जंतुक बाटलीत पकडा, नाहीतर दवाखान्यात नळीने नमुना घेतात. धार येत नसेल तर गार पाण्यात भिजवलेलं गॉझ ओटीपोटावर गोल गोल चोळा. 'बीएमजे'मधल्या २०१७ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात असं केल्यावर ३१ टक्के बाळांना पाच मिनिटांत लघवी झाली. न चोळता १२ टक्के.

आता बाकीचे गैरसमज.

"ऑपरेशन करावंच लागणार." रिफ्लक्सच्या पाच श्रेणी आहेत. पहिल्या-दुसऱ्या श्रेणीतला बहुतेकांचा वाढत्या वयात आपोआप जातो.

"ताप नाही, मग रोज अँटिबायोटिक कशाला?" ताप येऊ नये म्हणूनच. अमेरिकेतल्या ६०७ मुलांवरच्या चाचणीत (२०१४) अशा डोसाने पुन्हा होणारे संसर्ग जवळपास निम्मे झाले. व्रण मात्र कमी झाले नाहीत आणि औषधाला न जुमानणारे जंतू वाढले. म्हणून डोस कुणाला द्यायचा, कधी थांबवायचा हे डॉक्टर ठरवतात. मनाने बंद करायचा नाही.

"सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे रिफ्लक्स नाही." असं नसतं. तो एमसीयू (नळीने मूत्राशयात औषध भरून काढलेले एक्स-रे) तपासणीत कळतो.

"धन्याचं पाणी पाजा." सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, वरचं पाणीही नको.

"गरोदरपणी हिनेच काहीतरी खाल्लं असेल." अजिबात नाही. हा दोष घराण्यात चालतो. अशा मुलांच्या साधारण चारांतल्या एका भावंडातही तो सापडतो. सुनेच्या डोहाळ्यांचा हिशेब काढण्यापेक्षा धाकट्याला नुसता ताप आला तर त्याचीही लघवी तपासून घ्या.