सुटलेली झोळी

शिंक येताना आधी पाय जुळवायचे आणि मग शिंकायचं, ही युक्ती कित्येक बाळंतिणी कुणी न शिकवता शिकतात. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू सगळं साग्रसंगीत होतं. थेंबथेंब लघवी गळते, हे मात्र आईपाशीही निघत नाही. निघालंच तर उत्तर ठरलेलं, ‘बाळंतपणात व्हायचंच असं!’ पहिल्या तीन महिन्यांत साधारण तिघींतल्या एकीला हा त्रास होतो, तेव्हा ‘व्हायचंच’मध्ये तथ्य आहे. पण नेमकं बिघडतं काय?

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय तिच्या आधाराने राहतात. एक्स-रेत ती दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन डिलॅन्सी यांच्या गटाने २००३मध्ये असे एमआरआय प्रसिद्ध केले. कधीच बाळंत न झालेल्या ८० जणींत झोळी अखंड होती. एकदा नैसर्गिक प्रसूती झालेल्या १६० जणींपैकी ३२ जणींत ती तुटलेली दिसली, आणि बहुतेकींत पुढच्या हाडाजवळच्या पट्ट्यात. तिथेच का? पुढच्या वर्षी त्याच विद्यापीठात एका स्त्रीच्या एमआरआयवरून संगणकात झोळी उभारली आणि तिच्यातून बाळाचं डोकं बाहेर काढून पाहिलं. सर्वांत आतला, पुढचा पट्टा मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला गेला! बहुतेकींचा स्नायू एवढं सोसून शाबूत राहतो, याचंच मला जास्त नवल वाटतं.

मात्र त्या १६० जणींत निम्म्या लघवी गळणाऱ्या मुद्दाम निवडल्या होत्या. त्या ८० जणींपैकी झोळी तुटलेल्या फक्त २३. उरलेल्या ५७ जणींची झोळी धड दिसूनही गळती होतीच! चित्र स्पष्ट दिसलं म्हणून कारण सापडलं असं होत नाही. २००८च्या अभ्यासात डिलॅन्सींच्याच गटाला आढळलं, की खोकताना-शिंकताना गळती होणाऱ्या बायकांत मूत्रमार्ग मिटून ठेवणारा दाब इतरांपेक्षा ४२ टक्के कमी होता. म्हणजे झोळीइतकंच, किंबहुना जास्त, लक्ष नळाच्या चकतीकडे, म्हणजे मूत्रमार्ग मिटवणाऱ्या यंत्रणेकडे, द्यायला हवं.

रोजच्या तपासणीत एमआरआयपेक्षा सोनोग्राफी सोयीची. प्रोब बाहेरूनच, योनीमुखाशी टेकवतात आणि खोकायला सांगतात. मूत्राशयाची मान किती खाली घसरते, ते तिथल्या तिथे दिसतं. अर्नोल्ड केगल यांनी १९४८मध्ये मांडलेले स्नायू आवळण्याचे व्यायाम शिकवतानाही सोनोग्राफी कामी येते. कारण ‘आवळा’ म्हटल्यावर पुष्कळजणी उलट कुंथतात, आणि पडद्यावर ते त्यांचं त्यांनाच दिसतं.