नंबर नको, नाडी मोजा

डोनाल्ड ट्रम्प यांनी ३१ जुलै २०२५ रोजी ‘प्रेसिडेन्शियल फिटनेस टेस्ट’ पुन्हा सुरू करण्याच्या आदेशावर सही केली, ही बातमी आता जुनी झाली. अमेरिकेतल्या शाळांनी ही चाचणी २०१२-१३च्या सुमारास सोडून का दिली होती, हा प्रश्न मात्र आपल्या आठवी-नववीच्या मुलांसाठी आजही ताजा आहे.

या चाचणीचा जन्म भीतीतून झाला. १९५०च्या दशकात डॉ. हान्स क्राउस आणि बॉनी प्रुडेन यांनी अमेरिकी आणि युरोपीय मुलांची ताकद आणि लवचीकता साध्या हालचालींतून तपासली. निम्म्याहून अधिक अमेरिकी मुलं कशात ना कशात नापास झाली. युरोपात हे प्रमाण दहांत एकही नव्हतं. शीतयुद्धाचे दिवस होते. राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी १९५६ मध्ये तरुणांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली आणि १९६६ मध्ये जॉन्सन यांच्या काळात राष्ट्राध्यक्षांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला. पुल-अप्स, शटल रन, ६०० यार्ड धाव अशा प्रत्येक प्रकारात देशातल्या वरच्या १५ टक्क्यांत येईल, त्यालाच तो मिळे. म्हणजे उरलेली बहुतेक मुलं हरणार, हे नियमातच लिहिलेलं होतं. आणि हरायचं कुठे, तर सगळ्या वर्गासमोर, दांडीला लोंबकळत.

त्या लोंबकळण्याचं पुढे काय होतं? आयोवा राज्य विद्यापीठातले पँटेलीमॉन एक्केकाकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये हजारावर प्रौढ अमेरिकनांना शाळेतल्या पीटीच्या तासाच्या आठवणी विचारल्या. वाईट आठवणींत सर्वांत वर होती ती चारचौघांत झालेली फजिती. ज्यांच्या आठवणी कडू होत्या, त्यांना मोठेपणीही व्यायाम नकोसा वाटत होता आणि ते अधिक बैठं आयुष्य जगत होते. हा अभ्यास आठवणींवर बेतलेला आहे, त्यामुळे एकामुळेच दुसरं घडलं असं त्यातून सिद्ध होत नाही. तरीही पीटीच्या प्रत्येक शिक्षकाने तो वाचावा असं मला वाटतं.

याच विषयातला माझा आवडता माणूस मात्र संशोधक नाही, शिक्षक आहे. फिल लॉलर शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये पीटी शिकवत. त्यांनी मुलांना हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे लावून मैलभर पळवायला सुरुवात केली. सहावीतली एक मुलगी नेहमी मागे रेंगाळायची. तिच्या पट्ट्यातले आकडे पाहिले, तर धावताना ठोके सरासरी १८७! तिच्या वयाला कमाल ठोके साधारण २०९. शेवटची रेषा ओलांडताना ती २०७वर पोहोचली होती. घड्याळाच्या हिशेबात ही मुलगी आळशी ठरत होती, आणि प्रत्यक्षात ती जिवाच्या आकांताने धावत होती. हा प्रसंग जॉन रेटी यांच्या ‘स्पार्क’ या २००८च्या पुस्तकामुळे सर्वांना कळला. मी तो जितक्यांदा वाचते, तितक्यांदा अशा किती मुलींना आपण ‘हलत नाही गं तू’ म्हणून बसवून टाकलं असेल, या विचाराने अस्वस्थ होते.

लॉलर यांनी गुण देण्याची पद्धतच बदलली. किती वेळात पळालास यापेक्षा स्वतःच्या योग्य ठोक्यांच्या टप्प्यात किती वेळ राहिलास, यावर गुण. खेळही छोटे केले: बास्केटबॉल तिघांविरुद्ध तीन, म्हणजे चेंडू प्रत्येकाच्या हाताला लागतो. नेपरव्हिलच्या मुलांच्या गणित-विज्ञानातल्या यशाचं श्रेय काही जण या तासाला देतात. ते मला पटत नाही. ती सधन वस्ती आहे. पण पीटीच्या तासाने आधी गणिताचे गुण वाढवून स्वतःची लायकी का सिद्ध करावी?

आता आपल्याकडे या. ‘खेलो इंडिया’च्या शालेय चाचणीत ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव, पुश-अप्स, पोटाचे व्यायाम, बसून पुढे वाकणं आणि उंची-वजनाचं प्रमाण असं सगळं आहे. मोजायला माझी हरकत नाही. मोजून झाल्यावर तो आकडा मुलाला त्याच्या मागच्या आकड्याशेजारी दाखवला जातो की शेजारच्या मुलाच्या, यावर सगळं अवलंबून आहे.

तासाचा हिशेबही मांडून बघा. साठ मुलांच्या वर्गात कबड्डीचे दोन संघ उतरले की चौदा जण खेळतात आणि सेहेचाळीस प्रेक्षक होतात. त्या सेहेचाळिसांत मुली किती, हे कुठल्याही मैदानाच्या कडेला उभं राहिलं की दिसतं. ११ ते १७ वयोगटातली जगातली ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नाहीत, असा अंदाज ‘लॅन्सेट’च्या बालआरोग्य नियतकालिकाने २०१९ मध्ये दिला, मुलींमध्ये ते प्रमाण ८५ टक्के आहे. आपण खेळाचे सवलतीचे गुण देतो तेही स्पर्धेत पुढे गेलेल्यांनाच. त्यांना जरूर द्या, पण पीटीचा तास मागे राहिलेल्यांचाही आहे. त्यात सहामाहीनंतर तो तास गणित-विज्ञानाच्या शिल्लक धड्यांना जातो, आणि गृहपाठ राहिला की शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या. धावणं ही शिक्षा आहे, हे मूल तिथेच शिकतं.

लॉलर यांचे पट्टे जिल्हा परिषदेच्या शाळेला परवडणारे नाहीत आणि त्यांची गरजही नाही. मनगटावर बोटं ठेवून पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारने गुणायचं. पळताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे वेग मध्यम आहे. हे आठवीच्या मुलाला एका तासात शिकवता येतं आणि साठाव्या वर्षीही उपयोगी पडतं. लंगडी, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, लेझीम, डोंगर चढणं यांतलं आपलं काय ते नववीच्या मुलीला स्वतः निवडू द्यावं, आणि तिच्या वहीत जूनचे आणि मार्चचे ठोके तिनेच लिहावेत. ती वही भिंतीवर लावायची नाही, वर्गात वाचून दाखवायची नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीचं स्थान दिलं आहे. तेव्हा यंदा शाळेच्या पालकसभेत गणिताच्या निकालाबरोबर हेही विचारा: पीटीचे तास किती झाले, आणि त्यांत माझी मुलगी किती वेळ उभी होती?